पडदा लावा, खुर्च्या मांडा

२५ मे २०२० च्या रात्री अमेरिकेतल्या मिनियापोलिस शहराच्या पोलिसांनी एक पत्रक काढलं. बनावटगिरीच्या तक्रारीवरून पोलीस गेले, संशयिताने शारीरिक विरोध केला, बेड्या घातल्यावर त्याला काही वैद्यकीय त्रास होत असल्याचं दिसलं, रुग्णवाहिका बोलावली, थोड्या वेळाने तो रुग्णालयात मरण पावला. मजकूर एवढाच. मानेवर रोवलेल्या गुडघ्याचा त्यात एका अक्षरानेही उल्लेख नव्हता.

ही भाषा ओळखीची वाटते ना? ‘कोठडीत असताना आरोपीच्या छातीत अचानक कळ आली.’ ‘प्रकृती अत्यवस्थ झाल्याने त्यास उपचारार्थ दाखल करण्यात आले, तेथे त्याचा मृत्यू झाला.’ सकाळच्या चहाबरोबर आतल्या पानावर अशी वाक्यं आपण किती वेळा वाचली असतील, आणि किती वेळा पान उलटलं असेल!

मिनियापोलिसचं पत्रक टिकलं नाही, कारण त्या फुटपाथवर सतरा वर्षांची एक मुलगी उभी होती. डार्नेला फ्रेझियर तिचं नाव. नात्यातल्या लहान बहिणीला घेऊन ती दुकानात चालली होती. तिने मोबाइल वर धरला आणि खाली घेतला नाही. जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीय माणसाच्या मानेवर डेरेक शॉविन या पोलिसाचा गुडघा ९ मिनिटं २९ सेकंद होता, हे पुढे खटल्यात सिद्ध झालं. २० एप्रिल २०२१ ला ज्युरीने शॉविनला खुनाबद्दल दोषी ठरवलं. साडेबावीस वर्षांची शिक्षा झाली. त्या मुलीला पुलित्झर मंडळाने विशेष सन्मान दिला. शहराच्या अख्ख्या पोलीस खात्याने सांगितलेली हकीकत एका शाळकरी पोरीच्या फोनने खोटी पाडली.

म्हणूनच आज लघुपटांबद्दल लिहितो आहे. दहा, वीस, तीस मिनिटांचे, तिकीटबारीशी देणंघेणं नसलेले चित्रपट. वर्णद्वेष आणि तुरुंगव्यवस्था यांच्याविरुद्ध अमेरिकेत गेल्या काही वर्षांत अशा लघुपटांची एक फळीच उभी राहिली आहे. ते पाहा, असं मी तुम्हाला सांगणार आहेच. पण त्यापुढे जाऊन ते इथे दाखवा आणि आपले स्वतःचे काढा, हे सांगण्यासाठी हा लेख आहे.

आधी एक भ्रम दूर करू. कॅमेरा असला की न्याय मिळतो, असं मानू नका. ३ मार्च १९९१ ला लॉस एंजेलिसमध्ये रॉडनी किंग या कृष्णवर्णीय तरुणाला पोलीस बडवत असताना समोरच्या इमारतीतल्या एका रहिवाशाने आपल्या बाल्कनीतून ते चित्रित केलं. साऱ्या देशाने ती मारहाण पाहिली. तरीही २९ एप्रिल १९९२ ला ज्युरीने पोलिसांची निर्दोष सुटका केली आणि शहर पेटलं. त्या मारहाणीनंतर तेराच दिवसांनी, त्याच शहरात, लटाशा हार्लिन्स नावाची पंधरा वर्षांची मुलगी एका दुकानात संत्र्याच्या रसाची बाटली घ्यायला गेली. बाटलीची किंमत १ डॉलर ७९ सेंट. पैसे तिच्या हातात होते. दुकानदारीण म्हणाली, ही चोरते आहे. झटापट झाली, मुलगी बाटली ठेवून जायला वळली, आणि दुकानदारीणीने तिच्या डोक्यात मागून गोळी घातली. दुकानातल्या कॅमेऱ्यात हे सगळं होतं. ज्युरीने सदोष मनुष्यवधाचा गुन्हा सिद्ध मानला. न्यायाधीशांनी मात्र तुरुंगवास दिलाच नाही. पाच वर्षांचं परिवीक्षण, ४०० तासांची समाजसेवा आणि ५०० डॉलर दंड, एवढ्यावर भागलं. वरच्या न्यायालयानेही ती शिक्षा कायम केली, दंगल पेटण्याच्या आठवडाभर आधी.

या लटाशावर सोफिया नाहली ॲलिसन यांनी २०१९ मध्ये ‘अ लव्ह साँग फॉर लटाशा’ हा एकोणीस मिनिटांचा लघुपट केला. तो ऑस्करच्या नामांकनापर्यंत पोचला. दुकानातल्या कॅमेऱ्याची ती फीत अमेरिकेतल्या वाहिन्यांनी वर्षानुवर्षं दाखवली होती. ॲलिसन यांनी ती एकदाही दाखवलेली नाही. या लघुपटात लटाशाची मैत्रीण बोलते, नात्यातली बहीण बोलते. लटाशा मैत्रिणीबरोबर पोहायला जायची, ती कशी पाठीराखी होती, मोठेपणी तिला वकील व्हायचं होतं. मारली गेलेली मुलगी म्हणून तीस वर्षं जिला सगळ्यांनी ओळखलं, ती या एकोणीस मिनिटांत जगलेली मुलगी होऊन समोर येते. तिचं मरण पडद्यावर दिसत नाही, आणि म्हणूनच ते छातीवर बसतं. चित्रण पुरावा देतं. माणूस परत मिळवून द्यायचा तर कुणीतरी बसून ती गोष्ट रचावी लागते. लघुपटाची खरी ताकद मला इथे दिसते.

आपल्याकडच्या मोबाइलधारकांनी हा भाग दोनदा वाचावा. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारे समजून जमावाने पाच जणांना ठेचून मारलं. ते मंगळवेढ्याकडचे नाथपंथी डवरी गोसावी होते, पोटासाठी फिरणारे. त्या मारहाणीची चित्रणं राज्यभर फोनांतून फिरली. त्या माणसांच्या घरी कोण होतं, ती भिक्षेकऱ्याची फिरस्ती का करत होती, त्यांच्या मुलांचं पुढे काय झालं, हे किती फोनांतून फिरलं? मरण पुढे पाठवणारा कॅमेरा आपल्याकडे घरोघर आहे. जगणं नोंदवणारा अजून फार थोड्यांकडे आहे.

बिल मॉरिसन यांचा ‘इन्सिडेंट’ (२०२३) अगदी उलट वाटेने जातो. २०१८ च्या जुलैमध्ये शिकागोत हॅरिथ ऑगस्टस या केशकर्तनकाराला पोलिसांनी भर रस्त्यात गोळ्या घातल्या. मॉरिसन यांनी स्वतः एकही दृश्य चित्रित केलं नाही. पोलिसांच्या छातीवरचे कॅमेरे, रस्त्यावरचे आणि दुकानांवरचे टेहळणीचे कॅमेरे यांतलं साहित्य एकाच पडद्यावर शेजारी शेजारी मांडलं. ऑगस्टस आपल्या बंदुकीच्या परवान्याचं ओळखपत्र दाखवत होता. तेवढ्यात एका पोलिसाने मागून त्याचा हात धरला, तो दचकून सुटला, आणि काही सेकंदांत गोळ्या सुटल्या. पण अंगावर काटा येतो तो यानंतरच्या भागाने. गोळी घालणारा पोलीस सहकाऱ्यांसमोर सांगू लागतो की त्याने आमच्यावर बंदूक काढली. सहकारी त्याला धीर देतात. प्रेत रस्त्यावर असतानाच ती हकीकत घट्ट होत जाते. ‘छातीत कळ आली’ यासारखी वाक्यं कशी जन्माला येतात, ते तुम्ही डोळ्यांनी पाहता. प्रत्येक पोलीस प्रशिक्षण केंद्रात हा लघुपट दाखवला पाहिजे असं माझं स्पष्ट मत आहे. खात्यातल्या प्रामाणिक माणसांना, आणि ती आहेत, त्याने बळच मिळेल.

‘लास्ट डे ऑफ फ्रीडम’ (२०१५) हा हाताने काढलेल्या चित्रांचा लघुपट आहे. बिल बॅबिट हा भाऊ बोलतो. व्हिएतनामच्या युद्धातून मन मोडून परतलेल्या मॅनी या आपल्या भावाने खून केला असावा असा संशय येताच त्याने स्वतः पोलिसांना कळवलं. भावावर उपचार होतील, त्याला फाशी होणार नाही, अशी त्याची समजूत करून देण्यात आली होती. खटला फक्त गोऱ्यांच्या ज्युरीपुढे चालला. ४ मे १९९९ ला सॅन क्वेंटिन तुरुंगात मॅनीला मृत्युदंड दिला गेला. एका वृद्धेचा जीव गेला होता, गुन्हा खरा होता, हे लघुपट लपवत नाही. कायद्यावर भरवसा ठेवणाऱ्या भावाला कायद्याने काय दिलं, एवढंच तो विचारतो. ‘टू डिस्टंट स्ट्रेंजर्स’ने २०२१ मध्ये ऑस्कर मिळवलं. घरी वाट पाहणाऱ्या कुत्र्याकडे निघालेला कृष्णवर्णीय तरुण त्यात रोज त्याच सकाळी उठतो आणि रोज पोलिसाच्या हातून मरतो. मला तो थोडा ढोबळ वाटला, पण वर्गातल्या मुलांशी बोलायला सुरुवात करून द्यायला उत्तम.

या एकेका गोष्टीमागे एक व्यवस्था आहे. अलाबामातल्या मॉन्टगोमेरी इथे ब्रायन स्टीव्हन्सन या वकिलाची ‘इक्वल जस्टिस इनिशिएटिव्ह’ ही संस्था आहे. गुलामगिरीपासून आजच्या तुरुंगांपर्यंतचा प्रवास तिने मॉली क्रॅबॅपल यांच्या चित्रांतून काही मिनिटांत मांडला आहे. १८६५ च्या तेराव्या घटनादुरुस्तीने गुलामगिरी संपवली, पण गुन्ह्याची शिक्षा म्हणून सक्तीची मजुरी चालू ठेवण्याची फट ठेवली. त्या फटीतून काय काय आत शिरलं! आजही अमेरिकेच्या लोकसंख्येत कृष्णवर्णीय आठात एक असतील. कैद्यांत मात्र ते सुमारे एक तृतीयांश आहेत. १९८६ च्या कायद्याने पाच ग्रॅम क्रॅक (कोकेनचे खडे) विकणाऱ्याला जी किमान शिक्षा लावली, तीच कोकेनची भुकटी विकणाऱ्याला ५०० ग्रॅमला लागू होती. क्रॅकच्या खटल्यांत अडकणारे बहुतांश कृष्णवर्णीय होते. एकाच पदार्थाच्या दोन रूपांत शंभर पटींचा फरक! २०१० मध्ये तो अठरा पटींवर आला, २०१८ च्या कायद्याने जुन्या कैद्यांनाही त्याचा लाभ मिळाला. १८ सप्टेंबर २०२३ पासून इलिनॉय राज्याने जामिनासाठी पैसे भरण्याची पद्धतच बंद केली. असं करणारं ते पहिलं राज्य. ही पावलं लघुपटांनी एकट्याने उचलली, असं म्हणण्याइतका मी भाबडा नाही. वकील लढले, कैद्यांच्या आया मोर्च्यांत चालल्या, संघटनांनी विधिमंडळांत तळ ठोकला. पण कायदा बदलायच्या आधी लोकांच्या मनातलं ‘त्याने काहीतरी केलंच असेल’ हे वाक्य बदलावं लागतं. ते काम गोष्ट करते.

आता कुणी म्हणेल, अमेरिकेचं दुःख आपण कशाला वाहायचं? त्याला उत्तर १८७३ सालीच दिलेलं आहे. जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतल्या त्या सज्जनांना अर्पण केला, ज्यांनी निग्रोंना दास्यातून सोडवण्यासाठी झीज सोसली. पुण्यात बसलेल्या माणसाने समुद्रापलीकडच्या गुलामांची मुक्ती आपल्या शूद्रातिशूद्रांसाठी दाखला म्हणून समोर ठेवली. १९४६ मध्ये डॉ. आंबेडकरांनी अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहून कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे नेलेल्या अर्जाची चौकशी केली. १९७२ मध्ये मुंबईत उभी राहिलेली दलित पँथर आपलं नाव कुठून घेऊन आली, हे सांगायला नको. वर्ण आणि जात एकच, असं मी म्हणत नाही. पण जन्म पाहून गुन्हेगार ठरवायची युक्ती दोन्हीकडे सारखीच राबली, आणि तिच्याविरुद्धची लढाई महाराष्ट्राने कधीच परकी मानली नाही.

जोतीरावांचा ग्रंथ निघण्याच्या दोनच वर्षं आधी, १८७१ मध्ये, इंग्रजांनी गुन्हेगार जमाती कायदा केला. पुढे तो आपल्याकडेही आला. पारधी, कैकाडी, मांग गारुडी अशा कितीतरी जमातींतलं मूल जन्मतःच गुन्हेगार ठरू लागलं. रोज पोलिसांकडे हजेरी. सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये तर माणसं काटेरी तारेच्या आत. देश १९४७ ला स्वतंत्र झाला. ही माणसं ३१ ऑगस्ट १९५२ ला. तार तुटली, पण नजर तुटली नाही. गावात चोरी झाली की पहिली गाडी कुठल्या पालांवर जाते, हे तालुक्यातल्या प्रत्येकाला ठाऊक असतं. लक्ष्मण मान्यांच्या ‘उपरा’ने आणि लक्ष्मण गायकवाडांच्या ‘उचल्या’ने ते पांढऱ्यावर काळं केलं, त्यालाही चाळीसेक वर्षं झाली.

बरं, तुरुंगाच्या आत काय आहे? राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या आकड्यांनुसार भारतातल्या तुरुंगांत ५,७३,२२० माणसं होती. त्यांतले ४,३४,३०२ न्यायाधीन बंदी. शंभरातले सुमारे ७६ जण असे, ज्यांचा गुन्हा अजून सिद्ध झालेलाच नाही. आणि आतली कामं? मुंबईच्या पत्रकार सुकन्या शांता यांनी तुरुंगांतल्या जातीवर शोधपत्रकारिता केली आणि मग त्या स्वतःच सर्वोच्च न्यायालयात गेल्या. झाडू कुणी मारायचा आणि स्वयंपाक कुणी करायचा, हे कित्येक राज्यांच्या तुरुंग नियमावलीत जातीवरून लिहिलेलं होतं. ३ ऑक्टोबर २०२४ ला न्यायालयाने ते नियम घटनाबाह्य ठरवले. विमुक्तांना सराईत गुन्हेगार समजण्याच्या तरतुदींवरही त्याच निकालात बोट ठेवलं. स्वातंत्र्यानंतर सत्त्याहत्तर वर्षांनी! एका पत्रकाराने सांगितलेल्या खऱ्या गोष्टी देशभरच्या नियमावल्या बदलू शकतात, याचा याहून ताजा पुरावा कुठला हवा?

गोष्ट सांगणारी माणसं आपल्या शेजारीच आहेत. फेब्रुवारी १९९८ मध्ये पश्चिम बंगालमधल्या पुरुलियात बुधन सबर हा विमुक्त जमातीतला तरुण कोठडीत मारला गेला. पोलीस म्हणत होते आत्महत्या. लेखिका महाश्वेतादेवी पाठीशी उभ्या राहिल्या आणि कलकत्ता उच्च न्यायालयाने पोलिसांचं म्हणणं फेटाळलं. त्या निकालावरून अहमदाबादच्या छारानगरात दक्षिण बजरंगे आणि त्यांच्या मित्रांनी नाटक बसवलं. त्यातून बुधन थिएटर उभं राहिलं. ज्यांना समाज चोर म्हणत होता ती मुलं नट, दिग्दर्शक, वकील, पत्रकार झाली. बजरंगे पुढे चित्रपटांकडे वळले. आपल्या नागराज मंजुळेंनी सुरुवात कुठून केली? शाळेची ओढ लागलेल्या एका पोराच्या ‘पिस्तुल्या’ या लघुपटापासून. त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

आणि ही परंपरा तर आपलीच आहे. सत्यशोधक जलसे काय होते? भीमराव कर्डकांचे आंबेडकरी जलसे काय होते? कंदिलाच्या उजेडात, गावकुसाबाहेर, थोडक्या वेळात, लोकांच्या भाषेत सांगितलेलं सत्य. तेव्हा हातात डफ आणि तुणतुणं होतं, आज फोन आहे.

तेव्हा उठा. पत्रकारितेच्या, नाट्यशास्त्राच्या, विधी महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनो, प्रेमभंगाचे लघुपट पुष्कळ झाले. तुमच्या जिल्हा न्यायालयाच्या आवारात सकाळी अकरा वाजता जाऊन बसा. बेडीतल्या मुलाला लांबून भाकरी दाखवणारी आई तिथे भेटेल. पाच हजारांचा जामीन मंजूर झाला आणि जामीनदार मिळत नाही म्हणून वर्षभर आत असलेल्याची बायको भेटेल. तिची परवानगी घ्या. नाव लपवायचं म्हणाली तर लपवा, चेहरा नको म्हणाली तर तिचे हात दाखवा किंवा चित्रं काढा, बॅबिटची गोष्ट चित्रांतच सांगितलेली आहे. खटला चालू असेल तर प्रदर्शनाआधी वकिलाला दाखवा, कारण तुमच्या लघुपटाने तिच्या माणसाचं नुकसान होता कामा नये. आणि पालावरच्या मुलांच्या हाती कॅमेरा द्या. त्यांच्याबद्दल आपणच बोलत राहण्याचे दिवस आता संपले पाहिजेत.

गणेशोत्सव मंडळांनो, वाचनालयांनो, जयंती उत्सव समित्यांनो, एक संध्याकाळ या कामाला द्या. दोन लघुपट, एक बाहेरचा, एक आपला. एकोणीस मिनिटं आणि पंधरा मिनिटं. त्यानंतर एक तास बोलणं, आणि बोलायला एक वकील हवाच. कारण रडून घरी जाणारा प्रेक्षक मला नको आहे. त्या वकिलाने लोकांना सांगावं की २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ नुसार, याआधी कुठल्याही गुन्ह्यात दोषी न ठरलेल्या बंद्याने कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ आत काढला असेल तर त्याला सोडण्यासाठी अर्ज करणं हे तुरुंग अधीक्षकाचं कर्तव्य आहे. इतरांसाठी ती मर्यादा निम्म्याची. फाशी किंवा जन्मठेपेचे गुन्हे आणि एकाहून अधिक खटले चालू असलेले यातून वगळलेले आहेत. मोफत वकील मिळणं हा गरिबाचा हक्क आहे आणि त्यासाठी १५१०० हा क्रमांक आहे. पोलीस ठाण्यात आवाजासह चित्रण करणारे कॅमेरे हवेत, चित्रण दीड वर्ष, आणि ते शक्य नसेल तर किमान एक वर्ष जपलं पाहिजे, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २ डिसेंबर २०२० लाच दिला आहे. २०२५ मध्ये न्यायालयाला याच प्रश्नाची स्वतःहून दखल घ्यावी लागली, यावरून तो किती पाळला गेला ते समजा. तुमच्या ठाण्यातला कॅमेरा चालू आहे का, हे माहितीच्या अधिकारात विचारा. एक अर्ज, दहा रुपये.

सुरुवातीची तारीख मी सुचवतो. ३१ ऑगस्ट, विमुक्त दिन. पडदा गावाच्या मध्यावर, ग्रामपंचायतीसमोर लावा, आणि पालावरच्या लोकांना पहिल्या रांगेत बसवा. लघुपट संपला की माइक आधी त्यांच्याकडे द्या. आपल्या तालुक्यातलं कोण कोण शिक्षेविना आत आहे, किती दिवसांपासून, कुठल्या कलमाखाली, वकील आहे की नाही, हे तिथेच एका वहीत लिहून घ्या. घरच्यांच्या सह्या किंवा अंगठे घ्या. दुसऱ्या दिवशी सकाळी चारपाच जण मिळून ती यादी तालुका विधी सेवा समितीच्या कार्यालयात द्या, एक प्रत जिल्हा न्यायाधीशांच्या नावे पाठवा, आणि पोच घेतल्याशिवाय तिथून हलू नका.